डावा पाय

दुपारी तीनच्या सुमाराला कल्याणी वैरागडे टेबलावर डोकं टेकवते ते नुसती मान मोकळी व्हावी म्हणून. झोपायचं तिच्या मनात नाही. पेशींची तबकडी पेशी जगवायच्या उबदार कपाटात ठेवून झालीय, ती चार तासांनी काढायची. तेवढ्या वेळात करण्यासारखी निदान सहा कामं पडलेली आहेत. पण सकाळी सहापासून ती उभी आहे. तळवे जळजळताहेत. डबा आणलाय तसा आहे, त्याचं झाकण उघडायचाही कंटाळा आलाय. प्रयोगशाळेला लागून असलेल्या या लहानशा खोलीतला कुलर नागपूरच्या मे महिन्यापुढे हात टेकून बसलाय, कोमट ओलसर वारा तेवढा फेकतो.

दोनच मिनिटं, ती स्वतःला सांगते.

मिटल्या डोळ्यांआड हिरवे धागे तरंगतात. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावला की हे होतंच. धागे जवळ येतात, लांब जातात. कुलरच्या टाकीत पाणी पडतंय त्याचा आवाज हळूहळू मोठा होतो, रुंद होतो, आणि मग तो कुलरचा राहत नाही.

"झोपली का वं?"

कल्याणी डोकं उचलते. समोरच्या स्टुलावर सगुणाबाई बसल्या आहेत. हिरवं लुगडं, आणि औषधांनी केस गेले म्हणून डोक्याला बांधलेला पांढरा रुमाल. डावा पाय त्यांनी सरळ पुढे पसरलाय, डोक्यावरचं ओझं उतरवून बाजूला ठेवावं तसा.

"नाही मावशी," कल्याणी म्हणते. "तुम्ही कधी आलात?"

"मघाच आली. तुह्या कामात कायले खोडा घालू म्हटलं."

सगुणाबाई वारल्याला आज एकोणीस दिवस झाले, हे दोघींनाही ठाऊक आहे. पण तो विषय कोणी काढत नाही. आलेल्या पाहुण्याला कधी जाणार असं विचारू नये, तसं.

सगुणाबाई वलथरे लाखनीच्या पुढच्या, तलावाकाठच्या एका गावच्या. ढिवर समाजाच्या. नवरा होता तोवर तो तलावात उतरायचा, ह्या बाजारात मासोळी विकायच्या आणि उरल्या वेळात फाटलेली जाळी सांधायच्या. चोपन्नाव्या वर्षी पोट फुगायला लागलं. शेजारीण म्हणाली गॅस असेल, गावातला डॉक्टर म्हणाला ॲसिडिटी. पोटात पाणी झालंय आणि ते अंडाशयाच्या कॅन्सरचं आहे, हे कळायला पाच महिने गेले. मग मुलगी दुर्गा त्यांना नागपूरच्या ह्या हॉस्पिटलात घेऊन आली.

कल्याणी डॉक्टर आहे खरी, पण औषध देणारी नव्हे. तिचं काम संशोधनाचं. रोग्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढायच्या आणि त्या काय करतात ते बघायचं. त्या पेशींची एक जात अशी, की अंगात जंतू शिरला तर ती स्वतः फुटते आणि आपल्या पोटातले बारीक धागे बाहेर फेकून जाळं करते. जंतू त्यात अडकतो, माणूस वाचतो. पण अंडाशयाच्या आणि गर्भाशयाच्या कॅन्सरात हीच जाळी उलटतात असं आताशा दिसू लागलंय. गाठीपासून सुटलेल्या पेशी पोटातल्या पाण्यात भटकत असतात. जाळी त्यांना धरतात, पण मारत नाहीत, उलट ठाव देतात. आतड्यांवर चरबीचा एक पदर असतो, तिथे मग नवी गाठ रुजते. आणि हीच जाळी शिरांमध्ये पसरली तर त्यांच्याभोवती रक्त थिजतं.

संमतीच्या कागदावर अंगठा घेण्याआधी हे सगळं सोप्या भाषेत सांगावं लागतं. कल्याणीनं जाळं हा शब्द उच्चारला तशा सगुणाबाई पलंगावर हसायला लागल्या होत्या. पोटाला हिसका बसला तरी हसत होत्या. "माह्या अंगात जाळं? मंग त मलेच विचार ना बाई," असं म्हणाल्या होत्या. त्या दिवसापासून कल्याणी रक्त घ्यायला गेली की त्या तिला काहीबाही सांगायच्या. कोणत्या मासोळीला किती बोटांची वीण लागते, काळोख्या पाण्यात जाळं कसं चाचपायचं. नळी भरेपर्यंत दोन मिनिटं. तेवढंच.

"आज कोनाचं रक्त आनलं?" सगुणाबाई विचारतात.

"गोंदियाच्या एक बाई आहेत."

"लेकरं?"

"दोन. लहान आहेत."

"हं." त्या पोटरी चोळतात. "चाल, जरा फिरून येऊ. बसून बसून पाय भरते."

कल्याणी दार उघडते. बाहेर महिला वॉर्ड आहे. वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर आणि प्रयोगशाळा तळघरात, पण आज ते तसंच असायला हवं होतं असं तिला वाटतं. पलंगांच्या दोन्ही रांगा पाण्यात उभ्या आहेत. पाणी घोट्याएवढं, अंगाच्या उबेचं, आणि रंगानं फिकट पिवळं. पोटातून काढलेलं पाणी असंच असतं. कल्याणीनं ते बाटल्याच्या बाटल्या हाताळलंय, त्याची तिला किळस नाही. फक्त पायातल्या चपला काढायला हव्या होत्या, एवढंच तिच्या मनात येतं.

पलंगांवर कोणीच नाही. चादरी घड्या घालून ठेवलेल्या. प्रत्येक उशीवर एकेक नंबर.

"सगळ्या कुठे गेल्या?"

"सुट्टी झाली त्यायले," सगुणाबाई म्हणतात. "मलेबी झाली होती ना. शुक्रवारी."

शुक्रवार हा शब्द कल्याणीला नको असतो. गेले एकोणीस दिवस ती कॅलेंडरकडेही तिरप्या नजरेनं बघते.

दोघी चालतात. सगुणाबाईंचा डावा पाय पाण्यातून ओढत येतो, त्याचा सर्र सर्र आवाज. उजवा पडतो, डावा ओढतो. कल्याणी हात पुढे करते, त्या धरत नाहीत.

"मेल्यावरही दुखतो?" कल्याणी विचारते, आणि विचारल्यावर तिला वाटतं, हे असं विचारायचं नसतं.

"दुखत नाही आता. जड हाय. ज्याचं त्याले न्यावंच लागते."

पाणी गुडघ्याला लागतं. ट्यूबलाइटी विझतात की वर जातात ते कळत नाही, पण छत नाहीसं होतं आणि वर दुपारचं पांढरं आभाळ दिसतं. तलाव. लांब काठावर पळसाची झाडं. शेवटचा एक पलंग अजून पाण्यात उभा आहे, त्याच्या गजाला जाळं बांधलंय. सगुणाबाई पलंगाच्या कडेला बसतात आणि जाळ्याचं एक टोक कल्याणीच्या हातात देतात.

"धर. तानून धर. तू त जाळ्याची मास्तरीन ना."

कल्याणी ताणून धरते. सगुणाबाईंच्या हातात लाकडी सुई आहे, तिच्यावर गुंडाळलेला दोरा. त्या न बघता गाठी मारतात. गाठ, बोटभर जागा, गाठ. त्यांची बोटं जिवंत असताना सुजलेली असायची, आता पूर्वीसारखी सडसडीत झालीत. वाऱ्याला शेवाळाचा वास आहे. कल्याणीला वाटतं, असंच धरून उभं राहावं, कोणी काही विचारू नये, कशाचं उत्तर द्यायला लागू नये. हात भरून येतात तरी ती सोडत नाही.

"एक सांगू का तुले?" सगुणाबाई म्हणतात. "जाळं टाकनं कोनालेबी येते. काढनं कठीन. आमच्या घरचं एक जाळं तुटून बुडालं होतं, बुडाच्या लाकडात अटकलं. आमी म्हटलं गेलं त गेलं. पन ते धरतच रायलं ना. बिनमालकाचं. मासोळी धरली, कासव धरलं, एक पानकोंबडी धरली. कोनी खाल्लं नाही, कोनाच्या कामी आलं नाही. नुसतं धरून धरून सडवलं. मंग माह्या घरच्यानं बुडी मारून कापून आनलं. दोन रोज त्याच्या हाताचा वास गेला नाही."

"आम्हीही तेच शोधतोय मावशी. कापायचं कशानं."

"सापडलं का?"

"थोडं थोडं. काचेच्या ताटलीत सापडतं. माणसात अजून नाही."

"मंग वेळ लागन."

"लागेल. माझी नोकरी मात्र जूनपर्यंतच आहे."

सगुणाबाई तोंडानं च्च करतात. बाजारात भाव पडल्यावर करत असतील तसं. मग दोरा दातानं तोडतात.

हॉलमध्ये एसी फार लावलाय. खुर्च्या लाल मखमलीच्या, ओळीनं भरलेल्या, पण माणसांचे चेहरे अंधारात आहेत. समोर मोठ्ठा पडदा. कल्याणीचे वरिष्ठ डॉक्टर सोहोनी बोलताहेत, त्यांच्या हातातला लाल ठिपका पडद्यावर फिरतो. पडद्यावर सगळं काळं, आणि त्या काळ्यात हिरवी जाळी. दाट, लांबच लांब, एकमेकांत गुंतलेली. इतकं सुंदर चित्र आपल्याकडे आजवर आलं नव्हतं, असं डॉक्टर सोहोनी खरोखरच म्हणाले होते. आताही म्हणतात. लोक टाळ्या वाजवतात.

शेजारच्या खुर्चीवर सगुणाबाई. लुगड्याचं पाणी मखमलीवर ठिबकतंय.

"हे माह्यं हाय?"

"हो."

"कवाचं?"

"त्या गुरुवारचं. शेवटचं घेतलं ते."

सगुणाबाई बराच वेळ बघतात. कारागीर दुसऱ्याचं काम बघतो तसं, मान जराशी वाकडी करून.

"वीन चांगली हाय," त्या म्हणतात. "लई चांगली हाय. एवढी दाट कायले केली असन?" मग कल्याणीकडे वळून, "माह्यं नाव कुठी लिवलं हाय?"

"नाव लिहीत नाहीत मावशी. नंबर असतो. तुमचा सदतीस."

"आन मी मेली ते?"

"ते दुसऱ्या तक्त्यात आहे."

"आन पायाचं?"

टाळ्या थांबलेल्या आहेत. डॉक्टर सोहोनींचा लाल ठिपका पडद्यावरून उतरून कल्याणीच्या पदराशी येऊन थांबतो.

पायाचं कुठेच लिहिलेलं नाही.

त्या गुरुवारी काय झालं ते कल्याणीनं आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. सकाळी दहाला ती रक्त घ्यायला गेली होती. दुर्गा खाली औषधं आणायला गेली होती. नळी भरत असताना सगुणाबाई म्हणाल्या, बाई, डावा पाय कालपासून जड झालाय, पोटरी दगडासारखी लागते. कल्याणीनं पायाकडे पाहिलंसुद्धा. तो सुजलेला होता, उजव्यापेक्षा स्पष्ट जास्त. कॅन्सरच्या रोग्याचा एकच पाय असा सुजला तर शिरेत रक्ताची गाठ असू शकते, ती सुटून छातीत जाऊ शकते, हे तिला माहीत होतं. दुसऱ्या कोणाहीपेक्षा जास्त माहीत होतं, कारण तेच तर ती शिकत होती. ती म्हणाली, "सांगते हं डॉक्टरांना." पण रक्त काढल्यापासून दोन तासांच्या आत पेशी वेगळ्या केल्या नाहीत तर त्या मरतात. वॉर्डातले डॉक्टर राउंडवर, पलीकडच्या टोकाला होते. तिनं ठरवलं, आधी नळी खाली पोचवू, मग फोन करू. खाली मशीन बिघडलं होतं. ते कसंबसं सुरू करून पेशी वेळेत वेगळ्या करण्यात दुपार झाली. संध्याकाळी मायक्रोस्कोपखाली ती जाळी दिसली आणि ती आनंदानं खुर्चीतून उठली. घरी जाताना तिच्या डोक्यात ते चित्र होतं. पाय नव्हता.

शुक्रवारी सकाळी सगुणाबाईंना सुट्टी मिळाली. शनिवारी, गावी, अंगणात भांडी घासायच्या जागेपाशी त्या श्वास अडकून पडल्या आणि लाखनीच्या दवाखान्यात पोचायच्या आत गेल्या.

वॉर्ड पुन्हा. कोरडा, भरलेला, फिनेलचा वास. खिडकीतून दहाचं ऊन. कल्याणीच्या हातात नळी आहे, रक्तानं कोमट. पलंगावर सगुणाबाई, दंडावर कापूस धरून.

"बाई, डावा पाय जड झाला वं. पोटरी दगडावानी लागते."

"सांगते डॉक्टरांना," कल्याणी म्हणते, आणि यावेळी ती खरोखर निघते. नळी तिथेच टेबलावर ठेवते. मरू देत पेशी. पलीकडच्या टोकाला पांढरे कोट दिसताहेत. ती पळते. पलंग मागे पडतात, पुन्हा पलंग येतात, पुन्हा. सगळ्या पलंगांवर बाया, सगळ्यांची डावी पोटरी चादरीबाहेर. पायांत काहीतरी अडकतंय, बारीक, चिवट. ती हातानं तोडते, ते बोटांना चिकटतं, तिच्याच पदरातून निघतंय असं दिसतं. पांढरे कोट तेवढ्याच अंतरावर आहेत. "डॉक्टर!" ती ओरडते. तिचा आवाज कापसासारखा पडतो.

"नको पळू," मागून सगुणाबाई म्हणतात. "दमली किती. बस."

ती खाली बसते, फरशीवरच. धाप लागलेली. रडू येईल असं वाटतं, पण तेवढीही ताकद उरलेली नाही.

"मी सांगितलं नाही," ती म्हणते. "मी त्यांना सांगितलंच नाही मावशी. विसरले."

"मले माहीत हाय."

"सांगितलं असतं तर तुम्ही वाचला असतात?"

"ते मले काय माहीत बाई. मी काय डाक्टर हाओ? तुले माहीत असन."

"कदाचित. रक्त पातळ करायची इंजेक्शनं दिली असती. कदाचित अजून सहा महिने. वर्ष."

सगुणाबाई पलंगावरून उतरून तिच्याशेजारी फरशीवर बसतात. डावा पाय आधी हातानं उचलून ठेवतात, मग बाकीच्या बसतात. दोघी भिंतीला पाठ टेकतात.

"सहा महिने कमी नसते," त्या म्हणतात. आवाजात राग नाही, पण माफीही नाही. "दुर्गीच्या लेकराचं बारसं पाह्यलं असतं."

"हो."

"मी तुह्यावर रागावली नाही असं मी म्हनत नाही."

"नका म्हणू."

कुठेतरी सलाईनच्या स्टँडची चाकं वाजतात. कोणीतरी पाणी मागतं, कोणीतरी देतं.

"पन मी त्याच्यासाठी आली नाही," सगुणाबाई म्हणतात. "त्याच्यासाठी एवढा पाय ओढत कोन येते? दुर्गीनं तुले फोन केला होता ना."

कल्याणी डोळे मिटून घेते. स्वप्नात डोळे मिटून काही होत नाही, सगळं तसंच दिसत राहतं.

फोन आला होता. तेराव्यानंतर दोन दिवसांनी. लाखनीच्या डॉक्टरनं दुर्गाला म्हटलं होतं, पायात गाठ झाली असणार, पाय दुखतोय असं आईनं कोणाला सांगितलं नव्हतं का? झालं. भावानं तेच धरलं. माय तुझ्याजवळ होती, तुला दिसलं नाही? पोटुशी आहेस म्हणून स्वतःच्याच पायाशी बघत बसली होतीस? चुलत्या-मावश्याही बोलल्या. संमतीच्या कागदाच्या प्रतीवर कल्याणीचा नंबर होता, त्यावर दुर्गानं फोन केला. "मॅडम, मायनं पायाचं कोनाले सांगितलं होतं का वो? मले तर बोलली नाही. मी खाली गेली होती तवा कोनाले बोलली का?" आणि कल्याणीनं, हातात पेशींची तबकडी असताना, खांद्यात फोन धरून सांगितलं, "नाही गं. मला तरी काही बोलल्या नाहीत."

वाक्य आपोआप बाहेर आलं होतं. बोलून झाल्यावर तबकडी हातात तशीच राहिली होती, जराही हलली नव्हती.

"ते पोरगी जेवत नाही," सगुणाबाई म्हणतात. "सातवा महिना हाय. मायनं मले काऊन नाही सांगतलं, हेच घेऊन बसली. मी तिले सांगनारच होती. पन तू म्हटली सांगते, म्हनून मी म्हटलं झालं आपलं काम. मंग तिले कायले भेव दाखवा."

कल्याणीला हे माहीत नव्हतं. किंवा माहीत होतं आणि तिनं ते कधी वाक्यात मांडलं नव्हतं. तिच्या 'सांगते' या एका शब्दावर विसंबून त्या बाईनं स्वतःच्या लेकीला सांगितलं नाही.

"मी काय करू?" ती विचारते.

"लिव."

"काय लिहू?"

"तू त सगळंच लिवते. नंबर लिवते, तारीख लिवते. हे बी लिव. पायाचं सांगतलं होतं. गुरवारी. तुले."

"कागद नाही मावशी."

"हात हाय ना."

कल्याणी डावा तळवा उघडते. पाणी पुन्हा आलंय, हलकेच, फरशीवरून, दोघींच्या पसरलेल्या पायांखालून. सगुणाबाईंचा डावा पाय त्यात उचलला जातो आणि तरंगतो. त्या त्याच्याकडे बघतात, जरा आश्चर्यानं.

"हलका झाला वं," त्या म्हणतात.

कल्याणीला मान वर करून बघायचं असतं, पण अक्षरं पुरी करायची आहेत. एकेक अक्षर जड. ती लिहीत राहते. शेजारी लुगड्याची ओल जाणवते, मग जाणवत नाही.

कशाचा तरी आवाज थांबतो. त्या थांबण्यानंच ती जागी होते.

लाइट गेलीय. कुलर बंद. खोलीत एकदम उकाडा दाटलाय आणि पलीकडे उबदार कपाट जनरेटरवर जाताना एकदा टुणकन वाजतं. भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार. गालाखाली घामानं टेबल ओलं झालंय. कल्याणी बराच वेळ तशीच पडून राहते, एक गाल टेबलावर ठेवून. अंगात उठायचं बळ नाही. आपण झोपलो होतो की नुसते डोळे मिटले होते, तिला सांगता येणार नाही.

मग तिला उजव्या हाताच्या मुठीत काहीतरी टोचतं. काचेच्या पट्ट्यांवर नंबर टाकायचं काळं पेन, टोपण निघालेलं. ते हातात कधी घेतलं, आठवत नाही.

डाव्या तळव्यावर तीन ओळी आहेत. अक्षर तिचंच, पण लहान मुलानं गिरवल्यासारखं, मोठं आणि वाकडं, शेवटची ओळ मनगटावर उतरलेली.

पायाचं सांगतलं होतं. गुरवारी. तुले.

ती वाचते. पुन्हा वाचते. कल्याणीचं शिक्षण सगळं पुण्यात झालंय; 'सांगतलं' आणि 'तुले' असं तिनं जन्मात कधी लिहिलेलं नाही. सवयीनं ती उठून कापसावर स्पिरिट घेते आणि तळव्यावरून एकदा फिरवते. काही होत नाही. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या पट्ट्यांवरही टिकावं म्हणून बनवलेली शाई ती. ती कापूस टाकून देते.

फोनमध्ये नाव शोधायला वेळ लागतो, कारण तिनं ते नावानं ठेवलेलंच नाही, 'सदतीस - नातेवाईक' असं ठेवलंय.

तिसऱ्या घंटीला फोन उचलला जातो. मागे कोंबड्यांचा आवाज, कुणीतरी भांडं आपटतंय.

"दुर्गा, मी नागपूरहून कल्याणी मॅडम बोलतेय."

"हो मॅडम. बोला ना." आवाज झोपेतून उठल्यासारखा, किंवा बरेच दिवस न झोपल्यासारखा.

"आईंनी पायाचं सांगितलं होतं," कल्याणी म्हणते. एका दमात म्हणायचं तिनं ठरवलेलं असतं, पण मध्ये श्वास घ्यावा लागतो. "मला सांगितलं होतं. गुरुवारी सकाळी, तू खाली गेली होतीस तेव्हा. मी म्हटलं डॉक्टरांना सांगते, आणि मी सांगायचं विसरले. तुझं काही चुकलं नाही. मागच्या वेळी मी तुझ्याशी खोटं बोलले."

पलीकडे कोंबड्या तेवढ्या. कल्याणी वाट बघते. शिव्या ऐकायची तिची तयारी आहे; फोन ठेवला जाईल असंही वाटतं. डॉक्टर सोहोनींना काय सांगायचं, संशोधनाच्या कमिटीला काय सांगायचं, जूनमध्ये काय होईल, हे सगळं एकदम समोर येऊन उभं राहतं आणि ती इतकी थकलेली आहे की त्यातल्या कशाचीही भीती वाटत नाही.

"मायनं सांगतलं होतं," दुर्गा म्हणते. अगदी हळू, स्वतःशीच. "म्हनजे सांगतलं होतं तिनं."

"हो."

मग रडणं. मोठ्यानं नाही, तोंडावर पदर दाबून रडावं तसं. कल्याणी फोन कानाशी धरून उभी राहते. सांत्वन करायचा अधिकार तिचा नाही. बऱ्याच वेळानं पलीकडे नाक ओढल्याचा आवाज येतो.

"मी तुमाले माफ केलं असं मी नाही म्हनत मॅडम."

"नको म्हणूस."

"पन माह्या भावाले हे पटनार नाही. तो म्हनन तूच बनवून सांगून रायली." दुर्गा थांबते. "लिवून द्याल का तुमी?"

कल्याणी तळहाताकडे बघते. घामानं ओला झालाय, पण शाई जागची हललेली नाही.

"लिहिलंय," ती म्हणते. "रविवारी घेऊन येते."